हेमांगीकाकूंचं विमानातलं मौन

डोंबिवलीच्या हेमांगीकाकू बोलायला लागल्या की कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू येत नाहीत, असं त्यांची सोसायटी म्हणते. म्हणूनच यंदा चातुर्मासात त्यांनी मुद्दाम जड नेम धरला. दर सोमवारी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. आतापर्यंतचे एकूणएक सोमवार निभावले. शेवटचा आला आणि नेमकं त्याच सकाळी लेकीकडे नागपूरला जायचं विमान!

"काळजी नको," काकूंचे यजमान आनंदराव म्हणाले. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केलेली. "तुझ्या वतीने मी हजर आहे." आणि विमान धड वर चढायच्या आत हे हजर असलेले गृहस्थ घोरायला लागले.

तेवढ्यात काकूंच्या पाठीत दणका बसला. मग दुसरा. मागच्या सीटवर चार वर्षांची उर्वी पाय झाडत मोठमोठ्याने गात होती.

"सॉरी हां काकू," तिची आई संचिता ओशाळून म्हणाली. "ठाण्याला टेंभी नाक्यावर राहतो आम्ही. ढोलताशातच वाढलीय ही."

काकूंच्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती, तिन्ही खरमरीत. ती त्यांनी नाम घेत घेत गिळली. बेल्टचा दिवा विझल्यावर उठून मागे वळल्या आणि नाकापुढे हात लोंबवून हलवला.

"हत्तीऽऽ!" उर्वी किंचाळली.

मग माकड झालं, पोळ्या लाटणारी बाई झाली, घोरणारे आनंदराव झाले. पाय थांबले, पण आवाज दुप्पट.

"अहो, तुम्हीच चढवताय तिला!" पलीकडचे एक गृहस्थ करवादले.

काकूंनी स्वतःचे कान पकडले. मग ओठांवर बोट ठेवून कान पुढे केला. म्हणजे, उत्तर इथे कानात सांगायचं. उर्वी कुजबुजायला लागली. पहिलाच प्रश्न, "आजी, तुला बोलता येत नाही?"

आनंदरावांनी एक डोळा उघडला. "येतं गं बाळा. आज आम्हाला सुट्टी आहे."

विमान उतरायला लागलं तशी उर्वी कान दाबून रडू लागली. आईने पाणी दिलं, ते तिने ढकललं. काकूंच्या खुणांकडे ती आता बघेचना. 'बाळा, आ कर, कान मोकळे होतील,' एवढंच तर सांगायचं होतं! सीटच्या फटीतून काकूंना तो रडवेला चेहरा बघवेना. लेकरासाठी नेम मोडला तर देव रागावेल? छे. काकूंनी बोलायला तोंड उघडलं आणि पहाटे तीनपासून जाग्या असलेल्या त्या बाईला भलीमोठी, आवाजी जांभई आली. आवाजाने उर्वीने वर पाहिलं आणि तिलाही आली. कान मोकळे झाले, रडू थांबलं.

बारा वाजता लेकीच्या घरी काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पहिला शब्द कुठला निघतो म्हणून सगळे टपलेले.

"मी मोडलाच होता हो नेम," काकू हात जोडून म्हणाल्या, "त्यानेच सांभाळला."

आणि मग सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या, ते पानं वाढली तरी थांबल्या नाहीत.