दुखानचा पिचर

"फेकायचं माझ्याकडं, मारायचं त्यांच्याकडं, मधल्या हवेचं मला काय विचारता," असं आबासाहेब जगदाळे एकदा म्हणाले होते.

करमाळ्याकडच्या ज्वारीच्या रानात गोफणीनं पाखरं हाकण्यात त्यांचं पोरपण गेलं. चौऱ्याहत्तर साली ते कतारमधल्या दुखानच्या तेलछावणीत मजूर म्हणून आले. एका शुक्रवारी अमेरिकन ड्रिलरांचा बेसबॉल कुंपणाबाहेर पडला. आबांनी तो परत फेकला. ज्या साहेबानं झेलला तो बराच वेळ हात झटकत बसला. पुढच्या महिन्यात आबांच्या बताक्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, नवा हुद्दा पडला: पिचर, म्हणजे बेसबॉल फेकणारा. पगारही त्याचाच.

खारट, सपाट मैदानात ते वर्षानुवर्षं फेकत राहिले. उजवा कोपर वाकला तो पुन्हा सरळ होईना. मग अमेरिकन गेले. बॅटी गेल्या, हातमोजे गेले, हुद्दा राहिला. बताक्यावर जे लिहिलंय तेच काम करायचं, हा तिथला कायदा. म्हणून आबा रोज सकाळी मैदानात जाऊन हवेत फेकायचे. रत्नागिरीचा आचारी नसरुद्दीन पातेलं धरून पलीकडे उभा राहायचा.

"आबा, आज कोण आऊट?"

"कुणी आलंच नाही. समदेच आऊट."

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले, छावणीतली माणसं कमी होऊ लागली. नवे मॅनेजर जाफरसाहेब हैदराबादचे, क्लबात क्रिकेट खेळलेले. पिचर अजून कामाचा आहे का बघू, म्हणाले. त्या कोपरासकट आबांना दुसरं काम कुणी देणार नव्हतं. नापास झाले की थेट करमाळा.

जाफरसाहेब स्वतः क्रिकेटची बॅट घेऊन उभे राहिले. आबांनी फेकला. चेंडू दिसलाच नाही, फक्त मागं पातेलं वाजलं.

"नो-बॉल," साहेब म्हणाले. "कोपर वाकतोय. ही बोलिंग नाही, फेक आहे."

"साहेब, फेकायचाच पगार हाय."

दुसराही नो-बॉल. तिसराही.

"त्या खेळात असंच टाकतात, साहेब," नसरुद्दीन म्हणाला.

"मियाँ, बेइमानी कुठल्याही खेळात बेइमानीच."

दुपारी ऑफिसात साहेबांनी मोठ्या मायेनं निकाल सांगितला. "वेग पाहिला मी. नोकरी राहील, हुद्दाही राहील. फक्त यापुढे फेकायचं नाही."

"मग करू काय?"

"उभे राहा. मैदानात. ड्युटी संपेपर्यंत."

दारातून नसरुद्दीन कुजबुजला, "यल्ला, चल आबा, हो म्हण. खलास."

आबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू कामाला लागलेच. मग वळले, नसरुद्दीनच्या बाजूनं वाट काढली आणि मैदान सोडून छावणीच्या फाटकाकडं चालते झाले.