पूर्वेच्या बांधाला कोण?

आमचे तलाठी भाऊसाहेब गेल्याचा फोन मिरजगावहून आला, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होतो. सातबारा संगणकावर आणताना सुरू झालेलं ते भांडण होतं, आणि दरवेळी तेच जिंकायचे...

मी नगरहून आलेला कोरा करकरीत प्रोग्रॅमर. माझा स्क्रीन उघडला की आधी गट नंबर विचारायचा. तहसीलदार साहेबांना तो दाखवायला चार दिवस उरले असताना भाऊसाहेबांनी बिस्किटांच्या खोक्याला खिडकी पाडली, माझे स्क्रीन कागदावर काढून आत सरकवले आणि लोकांना जमतं का बघायला खोकं घेऊन चावडीत बसले. पहिल्या आल्या सखूबाई.

"नंबर सांगा, मावशी."

"नंबर मला काय ठावं? पूर्वेला कदमाचा बांध हाय, खाली वढा. तेवढ्यावर घावंल का न्हाई?"

नव्हतं घावणार. रांगेतल्या निम्म्या लोकांचं तेच. माझा चेहरा पडला, भाऊसाहेब मात्र लई खूश! मी हट्टाला पेटलो. आहे तसंच दाखवू, मागून बदलू, म्हणालो. नाहीतर माझं काम जाईल, ही भीती होती.

साहेब आले. भाऊसाहेबांनी त्यांनाच खोक्यासमोर बसवलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, आपल्या गावाकडच्या शेताचा गट नंबर?"

विहिरीजवळचं शेत, एवढंच साहेबांना सांगता आलं. मग साहेब खो खो हसले आणि महिनाभराची मुदत देऊन गेले. त्या महिन्यात भाऊसाहेबांनी गावभर फिरून प्रत्येक शेताच्या चारही बांधांचे शेजारी लिहून आणले, मी शेजाऱ्याच्या नावावरून शेत शोधायची नवी खिडकी बनवली. मग सखूबाईंचा उतारा निघाला. माझं काम टिकलं, ते या माणसामुळं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, याची आता फार खंत वाटते.

परवा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कचेरीत आल्या. वारस नोंदीसाठी उतारा हवा होता. ते बिस्किटांचं खोकं अजून संगणकावरच ठेवलेलं आहे, त्यावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली.

"गट नंबर?" सवयीनं माझ्या तोंडून गेलंच.

"ते सगळं त्यांनाच माहीत, रे..."

"राहू द्या, काकू. पूर्वेच्या बांधाला कोण?"

त्यांनी शेजाऱ्याचं नाव सांगितलं. मी कळ दाबली, आणि स्क्रीनवर भाऊसाहेबांचं नाव आलं.