कान दुखत होता म्हणून

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात मी फक्त कान दुखतो म्हणून गेलो होतो. मे महिन्याच्या उकाड्यातही म्हाताऱ्या डॉक्टरांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. एक शब्दही न बोलता त्यांनी कान तपासला. मग माझ्या खिशातलं सिगरेटचं पाकीट बघून मफलर सरकवून टॉर्चएवढं एक यंत्र स्वतःच्या गळ्याला टेकवलं. त्यातून सपाट, घरघरता आवाज आला, "सिगरेट सोडा."

"डॉक्टर, मी कानासाठी आलोय ना!" मी वैतागलो.

"मीही कानासाठीच गेलो होतो. कॅन्सर घशात निघाला."

आणि ते हसले. तोंड उघडलं, खांदे हलले, पण आवाज आलाच नाही.

माझा कान दोन दिवसांत बरा झाला. सिगरेट सुटली नाही. फक्त ओढताना मध्येच मी मोठ्याने काहीतरी बोलून बघतो.