रियाधच्या तळ्याला लागलेली ओहोटी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसून पुढे जातो. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर. टाक्यांमधलं प्रेशर, लेव्हल मोजण्यावर माझं पोट चालतं. पाण्याची लेव्हल कारणाशिवाय उतरली असं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर सगळ्यात आधी मीच टिंगल केली असती.

आम्ही रियाधला, अल मलाझमध्ये राहतो – मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ निलेश. सासुरवाडी कोकणातली, खाडीकाठची. ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारणारे बोटभर मासे असतात, निवट्या. त्या धरायला सासरे उतरले आणि भरतीत गेले... सापडलेच नाहीत. पुढे निलेशही रोज ओहोटीला काठावर जाऊन बसायला लागला, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. "जावईबापू, याला पाण्यापासून लांब न्या. एवढा एकच उरलाय."

मी त्याचा व्हिसा काढला, मग इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवानाही. रियाधपासून समुद्र शेकडो किलोमीटर. याहून लांब कुठे नेणार?

पण कोकणातला माणूस गळाशिवाय किती दिवस राहील? शहराच्या दक्षिणेला, अल हायरकडे, शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात त्याची तळी झालीत. गोडं पाणी, कडेला दाट लव्हाळं, तिलापिया मासे भरपूर. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं जायचो. साचलेल्या तळ्याची कसली भीती, असा माझा हिशोब.

निलेश पोचला की आधी पाण्याच्या कडेला काठी रोवायचा. त्यांच्याकडची ती पद्धतच – पाणी काठीपासून लांब गेलं की चिखलात उतरायचं, काठीकडे परतू लागलं की निघायचं. मी दर वेळी चिडवायचो, "इथे भरती यायची तर आधी समुद्राचा इकामा काढावा लागेल." तो हसायचा, पण काठी रोवायचाच.

त्या शुक्रवारी वारा अजिबात नव्हता. मी गळाला कणीक लावत होतो. निलेश म्हणाला, "भावोजी, पाणी सुकायला लागलं." मान वर केली तर काठीपुढे हातभर ओला चिखल. बघता बघता अर्धं तळं उघडं पडलं. वरून पाणी बंद केलं असेल, असं मी स्वतःला समजावतोय तोवर वास आला – खारट, कुजकट, थेट खाडीचा. आणि चिखलावर काहीतरी उड्या मारायला लागलं.

"निवट्या," निलेश म्हणाला आणि पँट दुमडून उतरला. थांबवायला हवं होतं. पण काठी कोरडी होती... आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ते बरोबरच वाटलं.

तो बराच आत गेला. मग थांबला, लव्हाळ्याकडे तोंड करून मान हलवायला लागला, कुणी वडीलधारं काही सांगत असल्यासारखा. तिथे कुणी नव्हतं. माझ्या पायाशी गार लागलं. काठी भिजली होती.

मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाणी त्याच्या कमरेपर्यंत चढलं होतं. काठी उपटून मी आत गेलो, ती त्याच्या पट्ट्यात अडकवून ओढत त्याला बाहेर काढलं. तो माझ्यावरच चिडला. "कशाला ओढलंत? बाबा बोलत होते, अजून वेळ आहे."

गाडीत आमच्या पँटी वाळल्या आणि त्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या. घरी पोचायच्या आत सासूबाईंचा फोन. "निलेश कुठाय? आज सांजची भरती आलीच नाय हो. सगळा गाव काठावर उभा हाय. खाडी मोकळी पडलीय."

मी खोटं बोलू शकलो नाही, सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आता आणखी लांब कुठं न्यायचा त्याला?"

तळ्याची लेव्हल कशी उतरली याची चार कारणं मी देऊ शकतो. मिठाचं, निवट्यांचं, त्या फोनचं एकही नाही. निलेश आता गळाला हात लावत नाही. काठी मात्र त्याने घरी आणली, बाथरूमच्या दाराशी उभी केलीय. मी चिडवलं नाही. कामावरून आलो की बूट काढायच्या आधी तिचं खालचं टोक हाताने चाचपून बघतो.