पांढरा शर्ट आणि चोपड्याची फियाट

तेरा वर्षं झाली. एवढ्या काळात हे मी बायकोला सांगितलं नाही, मित्राला नाही, डायरीतही उतरवलं नाही — आणि डायरी मी रोज लिहितो. तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. परवा एक वही हातात आली. त्या वहीपाशी येतोच. आधी गाडीचं सांगायला हवं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर गेल्या महिन्यात गेला. जेवून उठला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. जळगावात तो डाळमिलमध्ये कारकून होता, मी शाळेत मास्तर. तो डाव्या पायाने लंगडायचा. का, ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं — तरुणपणी रॅलीत गाडी उलटवली, वेग आवरला नाही. गल्लीला असंच माहीत होतं. त्यालाही असंच माहीत होतं.

ती हौशी लोकांची रॅली होती. शर्यत नव्हे. ठरलेल्या रस्त्यावर ठरलेला वेग राखायचा. उशीर झाला तरी गुण जाणार, लवकर पोचलात तरी जाणार. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी घड्याळ आणि कागद घेऊन हिशोब करायचा. सुधाकर म्हणाला, मी चालवतो, आकडे तुझे. लहानपणापासून आमचं असंच होतं — हात त्याचे, पुस्तकं माझी.

पहिली गाडी कशी असावी, हे मी वाचनालयातल्या मासिकांतून उतरवून काढलं होतं. मोठ्या इंजिनाच्या मागे लागू नये. हलकी, साधी, तालुक्याच्या गावीही सुटे भाग मिळतील अशी जुनी गाडी घ्यावी. वाचलेले पैसे टायरांना आणि खाली ठोकायच्या जाड पत्र्याला ठेवावेत. आणि रंग, गाद्या बघण्याआधी गाडीखाली झोपावं, तळाचा पत्रा पेचकसाने टोचून पाहावा. या शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली होती. लाल रेघ — स्वतःच्या हाताने.

नवी मारुती आमच्या आवाक्यात नव्हती. धुळ्याला एका निवृत्त इंजिनिअरची अँबॅसिडर पाहिली. तिथे मी स्वतः खाली झोपलो, सगळीकडे टोचलं, केसांत माती घेऊन उठलो. तळ दणकट. सुधाकर म्हणाला, हीच घेऊ. मी म्हटलं, जड आहे, चोपड्याची फियाट पाहून ठरवू. जड होती, हे खरंच. पण चोपड्याचा आग्रह मी का धरला? येत्या रविवारी मला चोपड्यालाच मुलगी पाहायला जायचं होतं. एका फेरीत दोन कामं होणार होती.

म्हणून त्या रविवारी माझ्या अंगात नवा पांढरा टेरिकॉटचा शर्ट होता.

फियाट एका केळीवाल्या नानांच्या मळ्यात उभी होती. नुकताच माल भरून ट्रक गेला होता. गाडीच्या आजूबाजूला, गाडीखाली तोडलेले दांडे, पानं, ओला चीक. आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं — केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेल, डाग जाणार नाही. सुधाकर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. तळाचं माझ्याकडे होतं. त्यानेच निघताना माझ्या खिशात पेचकस ठेवला होता.

मी उकिडवा बसलो. तळाला ताजं काळंभोर डांबर फासलेलं दिसलं. डांबराखाली काय आहे, हे टोचल्याशिवाय कळत नाही, एवढं मला पाठ होतं. मी एक गुडघा टेकायला गेलो, तेवढ्यात नाना अहिराणीत मळ्यातल्या माणसांना म्हणाले,

"हाऊ नवरदेव शे का मिस्तरी?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि उठून उभा राहिलो.

"देखी ल्या, मास्तर," नाना म्हणाले, "झाकेल काहीच नही शे."

बॉनेटमधून सुधाकरने विचारलं, "भाऊ, खालून पाहिलंस?"

"पाहिलं. ठणठणीत आहे."

एवढंच. तीन शब्द. त्याने पुन्हा विचारलं नाही. का विचारेल?

दुपारी मुलगी पाहिली. तीच सुमन, माझी बायको. ती अजून कौतुकाने सांगते — एवढ्या धुळीतून आले होते हे, पण शर्टावर एक ठिपका नव्हता. ती हे सांगते तेव्हा मी पाणी प्यायला उठतो.

फियाट घेतली. रॅली थंडीत झाली. जळगावहून चोपडा, शिरपूर, नरडाणा करत धुळ्यापर्यंत. नरडाण्याच्या अलीकडे आतल्या रस्त्यावर डावीकडे वळण होतं. त्या टप्प्याला ताशी चाळीसचा वेग दिला होता. माझी नजर काट्यावर होती — चाळीस. कागदावर मी लिहिलं होतं, दोन सेकंद उशीर. मग खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, सुधाकरने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी फिरलीच नाही. आम्ही शेतात उलटे पडलो. मला खरचटलं. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला.

गावकऱ्यांनी त्याला बैलगाडीच्या फळीवर घेऊन जीपमध्ये घातलं. मी क्षणभर मागे राहिलो. पुढचं चाक जिथे तळाला बांधलेलं असतं तिथला पत्रा फाटून लोंबत होता. खिशात पेचकस होता — तोच. शेजारच्या अजून शाबूत दिसणाऱ्या पत्र्यावर मी तो टेकवला. जोर लावावा लागला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

तेव्हा टोचलं मी. तेव्हा.

संध्याकाळी धुळ्याच्या दवाखान्यात रॅलीचे एक गृहस्थ कागद घेऊन आले. सुधाकर खाटेवर, पायाला वजन बांधलेलं, जागा. त्यांनी मला विचारलं, वळणावर वेग किती होता? कागद माझ्या खिशात होता. चाळीस म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न गाडीचा आला असता.

मी म्हटलं, "थोडा जास्त झाला होता."

सुधाकरने मान माझ्याकडे वळवली. वाटलं, आता हा म्हणेल — नाही, काटा मी पाहिला होता.

"असेल," तो म्हणाला. "भाऊचे आकडे चुकत नाहीत."

तो घरी येण्याआधी मी गाडी नशिराबादच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. सुधाकरने विचारलं तेव्हा म्हटलं, तुला ती पुन्हा दिसायला नको म्हणून. त्याने माझे आभार मानले.

त्यानंतर त्याने कधी गाडी हातात घेतली नाही. मिलच्या मालकांनी एकदा जीप न्यायला सांगितलं, तर हसून म्हणाला, माझ्या हाताचा भरवसा नाही, शेठ. हे त्याने माझ्यासमोर म्हटलं. मी तिथेच उभा होतो. बोलायला किती वेळ लागला असता?

परवा द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला भेटायला, आलेली माणसं गेल्यावर प्रमिलाने, त्याच्या बायकोने, ती वही मला दिली. म्हणाली, यातलं मला कळत नाही, तुम्हाला कळेल. साधी शंभर पानी वही. पहिल्या पानावर एक वळण काढलेलं — झाड, बांध, चाकांच्या रेषा. दुसऱ्या पानावर तेच वळण. तिसऱ्यावर तेच. मी सतरा मोजली, मग मोजणं सोडलं. प्रत्येकाशेजारी त्याचं बारीक अक्षर: ब्रेक उशिरा? गिअर चुकला? नजर कुठे होती? शेवटच्या चित्राखाली गुडघेदुखीच्या गोळ्यांचं नाव टिपलेलं आहे. त्या गोळ्या त्याला या दिवाळीत सुरू झाल्या. म्हणजे या दिवाळीपर्यंत — तेरा वर्षं — तो आपली चूक शोधत होता. आम्ही रोज संध्याकाळी एका ओट्यावर बसायचो. गाडीबद्दल एकही प्रश्न वहीत नाही. गाडी मी पाहिली होती ना.

प्रमिला अजून विचारते, काय आहे हो त्यात? मी म्हणतो, जुने हिशोब.

उद्या वही परत करायची आहे. सोबत हे कागदही देणार आहे. तिला वाचायचे तर वाचेल. म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो: गाडी मी पाहिली नव्हती. काट्यावर चाळीस होते. ब्रेक, गिअर, नजर — सगळं जागेवर होतं. त्या वळणावर सुधाकर बरोबर चालवत होता.