कामाशिवायची सायकल

सुई टोचण्याआधी सिस्टर पोराच्या दंडावर दोनदा हलकेच थोपटायच्या आणि म्हणायच्या, "काई होत न्हाई." निवृत्त झाल्यावर टोचायला कुणी उरलं नाही, पण सवय उरली. सायकलीवर बसण्याआधी सीटवर दोन थापा मारायच्या आणि तेच म्हणायच्या. सायकलीला की स्वतःला, ते मला कधी कळलं नाही.

आमच्या परभणीच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. पालम तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं काढली होती. कॅरिअरला लशींचा निळा डबा बांधून त्या वाड्या-वस्त्या फिरायच्या. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी बसायची, की चाक फिरायचं नाव घेत नसे.

"मग काय करायच्या?" मी एकदा विचारलं.

"काय करणार? अर्धी वाट सायकल माझ्यावर बसायची, अर्धी वाट मी सायकलीवर."

बाजारात कुणी मिशाळ गडी वाकून नमस्कार करायचा. सिस्टर त्याच्याकडे निरखून बघत आणि म्हणत, "तू लय आवाज केला होता रे." त्यांना चेहरे आठवत नसत, रडणी आठवत.

मी इथल्या एका कॉलेजात कारकून. पोट सुटलं म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, आणि त्याच डॉक्टरांनी काढलेल्या रविवारच्या सायकल मंडळात मला ओढलं. एकदा पोखर्णीच्या रस्त्यावर माझी चेन पडली. आठ गिअरची नवी सायकल, आणि मी तिच्यापुढे हात जोडल्यासारखा उकिडवा बसलो होतो. मागून सिस्टर आल्या. साडी, पायात पोरीचे जुने बूट, खाली तीच सरकारी दिवसांतली लेडीज सायकल. काडीने चेन बसवली, हात पदराला न पुसता रस्त्याकडेच्या गवताला पुसले आणि निघाल्या. पोखर्णीत एका बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे होते.

त्यानंतर त्या आमच्या मंडळात आल्या. पण त्यांच्या पिशवीत कुणाचं तरी औषध, कुणाचा तरी निरोप असायचाच. रिकाम्या हाताने त्या कधी निघाल्याचं मी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी म्हैसूरची सहल ठरवली तेव्हा मीच त्यांना विचारायला गेलो. सहा दिवस, म्हैसूर आणि आसपासची खेडी, सगळं सायकलवर.

"तिथं कुणाकडं जायचंय?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडंच नाही."

"मग काम काय हाय?"

"काम नाही सिस्टर. नुसतं फिरायचं."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "ड्यूटीबगर मी कधी सायकल चालवलीच न्हाई ओ," त्या म्हणाल्या. मग तांदळातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "बगू की मग. येते."

बंगळुरापर्यंत रेल्वे आणि पुढे सायकलींसाठी भाड्याचा टेम्पो. टेम्पोत सायकली बांधायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी म्हैसूरला लॉजसमोर उतरलो. सगळ्या पाट्या गोलगोल कानडी अक्षरांच्या, एकही ओळखीची नाही. सायकली खाली काढल्या तेव्हा सगळ्यात तळाची सिस्टरांची होती. माझी गाठ सुटली होती आणि वरचा सगळा भार तिच्यावर आला होता. पुढचं चाक द्रोणासारखं वाकलेलं.

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "काळजी करू नका सिस्टर. सामानाचा टेम्पो सोबत आहेच, तुम्ही त्यात बसा. सगळं दिसेल."

सिस्टर वाकलेल्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तीस वर्षांत त्यांच्या सायकलीने त्यांना कधी अर्ध्यावर सोडलं नव्हतं, आणि मी एका गाठीत ते केलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"चला," त्या मला म्हणाल्या. "धरा मागून. मिस्त्री गावायलाच पायजे."

पुढचं चाक अधांतरी उचलून आम्ही त्या अनोळखी शहरातून निघालो. मी इंग्रजीत विचारत होतो, लोक कानडीत उत्तर देत होते. तासाभराने मंडईमागच्या गल्लीत एक सायकलचं दुकान दिसलं. आत पांढऱ्या दाढीचे एक चाचा, घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होते, "अब्बी नक्को, बाद में!"

'नक्को' ऐकताच सिस्टरांचा चेहरा उजळला. पालमच्या मोहल्ल्यात त्यांनी हीच दखनी बोली बोलत घरोघर पोरांना डोस पाजले होते.

"चाचा," त्या पुढे होत म्हणाल्या, "ये चाक का काम आजच होना. कल सुबू निकलना है हमना."

चाचांनी चष्मा वर केला. "किधर से आए, अम्मा?"

"परभणी से."

"वो किधर है, नैं मालूम. मगर बोली तो हमारीच है!"

मग काय विचारता! स्टूल आलं, चहा आला. चाकाच्या तारा एकेक सैल होत होत्या, घट्ट होत होत्या आणि दोघांचं बोलणं चाललं होतं. चाचांच्या नातीला ताप होता. सिस्टरांनी आत जाऊन तिला पाहिलं, पाणी किती पाजायचं ते सांगितलं. दिवेलागणीला चाक सरळ झालं. अगदी सरळ नाही, किंचित लचकत होतं. चाचा पैसे घेईनात. सिस्टरांनी बळेच दिले.

परतताना मी म्हटलं, "चूक माझी होती सिस्टर."

"गाठ लय ढिली बांधता तुमी," त्या म्हणाल्या. "उद्या शिकवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याबरोबर निघाल्या. डॉक्टरांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. कामाला जुंपलेली, आणि त्याचं काहीच न वाटणारी. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सिस्टर लेकीकडे लातूरला राहायला गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे, चांगली माणसं आहेत. तिकडून जाताना मला मात्र म्हैसूरच्या सहलीचा तिसरा दिवसच आठवतो.

त्या दिवशी श्रीरंगपट्टणकडे जाताना सिस्टर मागे राहिल्या. बराच वेळ झाला तरी दिसेनात, म्हणून मी घाबरून उलटा फिरलो. भाताच्या शेतांमधून एक कालवा जात होता. त्याच्या काठावर सायकल गवतात आडवी पडलेली, आणि शेजारी सिस्टर बसलेल्या.

"काय झालं? पडलात का?"

"न्हाई."

"दमलात?"

"न्हाई ओ. बसले." मग हसून म्हणाल्या, "व्हा पुढं. येते मी."

थोडं अंतर गेल्यावर मी वळून पाहिलं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते, साडी घोट्यावर धरली होती आणि दोन्ही पाय कालव्याच्या पाण्यात सोडले होते.