हट्टीच्या खाणीवर भांडी वाजायची तेव्हा

भाचीसाठी डूल घ्यायला आई आणि मी सराफाकडे गेलो होतो. भाव ऐकून मी घाम पुसत होते आणि आई सोन्याकडं ढुंकूनही न बघता स्टुलावर बसली होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "मला एकदा हट्टीला न्ये की. लई दिवस झालं मनात हाय."

हट्टी म्हणजे रायचूर जिल्ह्यातलं सोन्याच्या खाणीचं गाव. आईचे वडील, आप्पा, अक्कलकोटकडचं कोरडवाहू रान भावावर सोपवून तिथं खाणीत लागले. आईचा जन्म खाणीच्या कॉलनीतला. ती लग्न होऊन सोलापूरला आली, पुढे आप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली आणि तिचं माहेर दुसऱ्या कुणाचं तरी घर झालं. सोन्याच्या खाणीवर वाढलेल्या बाईच्या अंगावर मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपलीकडं काही नाही, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. त्या थट्टेवर सगळ्यात मोठ्यानं आईच हसते. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. दोन दिवस रजा टाकली आणि आमची जुनी गाडी काढली.

पहाटे निघालात तर विजयपूरपर्यंतचा रस्ता मख्खन आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांना जपा. टाकळीला भीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात. माझ्यासाठी ती जिलेबी, पण आई एकेक पाटी मोठ्यानं वाचायला लागली. चाळीस वर्षांत मी तिला कन्नड वाचताना ऐकलं नव्हतं. झळकीला चहा झाला, निडगुंदीच्या पुढं कृष्णेच्या पाण्याशी थोडं थांबलो. जेवण इलकलच्या खानावळीत: कडक ज्वारीची रोटी, भरलं वांगं, शेंगाचटणी आणि वर ताक, शंभराच्या आत ताट. इलकलला साडी घ्यायचा मोह आवरा, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मला आवरला नाही. लिंगसुगूरला लॉज मिळाला, साधा पण स्वच्छ. तिथून हट्टी अर्ध्या तासावर.

खाणीत आत जायचं तर परवानगी लागते आणि ती फाटकावर उभं राहून मिळत नाही. आम्ही बाहेरूनच शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या बोगद्यावरचा, उंच लोखंडी मनोरा पाहिला. याच मनोऱ्याखालच्या पाळण्यातून माणसं जमिनीच्या पोटात उतरतात आणि वर येतात. फार जुन्या काळी इथं माणसं खडकावर जाळ करत, तापलेल्या दगडावर पाणी ओतून तो फोडत आणि सोनं काढत, असं म्हणतात. मग साहेबाची कंपनी आली आणि गेली, निजामाच्या अमलात खाण पुन्हा सुरू झाली, नंतर सरकारची झाली. हे सगळं मी वाचून गेले होते. आईला यातलं काहीच नको होतं. तिला भांडी ऐकायची होती.

ते तिनं गाडीत सांगितलं. पाळी संपताना खाली सुरुंग उडायचे. जमीन हलायची आणि कॉलनीतल्या घराघरांत फळीवरची भांडी वाजायची. ती वाजली म्हणजे आता माणसं वर येणार. तोवर ओळीतली एकही बाई चुलीवर तवा ठेवत नसे. आधी भाकरी थापली तर घरचा माणूस उशिरा वर येतो, असं सगळ्या मानायच्या. आजी पीठ मळून, हात तसाच परातीत ठेवून फळीकडं बघत बसायची आणि शाळेतून आलेली आई तिच्याकडं. आप्पा रोज वर आले. शेवटी गेले ते गावाकडं, छातीत भरलेल्या धुळीनं, आणि आई पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

क्वार्टर सापडली. नळापासून तिसरी, रंग बदललेला. दार शरणम्मा नावाच्या तिशीतल्या बाईनं उघडलं. आईनं उंबऱ्याबाहेरूनच कन्नडमध्ये जे सुरू केलं त्यातलं मला निम्मंच कळलं, पण शरणम्माचं "बर्री, कुंद्री", म्हणजे या, बसा, हे मात्र कळलं आणि आम्ही आत गेलो. तिचा नवरा मल्लप्पा पहिल्या पाळीला खाली होता. फळीच्या जागी आता स्टीलची मांडणी होती. सुरुंग उडेपर्यंत इथं बसू का, असं आईनं विचारलं. शरणम्मा जरा गोंधळली. आता काम फार खोल गेलंय, भांडी वाजत नाहीत, रोट्या ती सकाळीच करून ठेवते आणि नवरा फाटकावर आला की मोबाईलवर कळवतो, असं तिनं समजावलं. आई ऐकून घेऊन तिथंच फरशीवर तळहात टेकून बसली.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मांडणीवरचा एक पेलाही हलला नाही. आईनं हात उचलला नाही. मला तिच्याकडं बघवेना. इतक्या लांब आणून मी तिच्याकडचं होतं तेही घालवलं, असं वाटलं.

"न्हाय वाजली," ती म्हणाली.

शरणम्मा उठली. रोट्यांची टोपली झाकून बाजूला सारली, गॅस पेटवून तवा ठेवला आणि पिठाची परात आईपुढं सरकवली. आईनं पदर खोचला. मल्लप्पा दारात आला तेव्हा कानामागं करडी धूळ तशीच होती, आणि त्याच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी म्हातारी भाकरी थापत होती. आईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "आलास का रे वर?"

तो हसून म्हणाला, "बंदीनी, अव्वा." आलो, आई.

गरम भाकरी त्याच्या ताटात पडली आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती समोरून हलली नाही. खाणीतलं सोनं कसं दिसतं, असं मी त्याला विचारलं. त्यानं नुसता दगड पाहिला होता. आप्पाही तेच सांगायचे, आई म्हणाली.

परत येऊन पंधरवडा झाला. इलकलची साडी आईची एकदा नेसून झाली. गंमत म्हणजे आता ओढ मला लागलीय. ज्या गावात मी जेमतेम एक दिवस होते, ते कणीक मळताना डोळ्यांपुढं येतं आणि घरी सगळे असूनही कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं. काल न राहवून आईला म्हटलं, दसऱ्याला पुन्हा जाऊ, शरणम्मानं बोलावलंय.

ती लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "तिचा माणूस हाय, ती बघंल त्याची वाट. म्या जाऊन कुणाची बघू?"